परदेशी कायम राहण्याचा संकल्प आणि सत्य

मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला म्हणजे आई त्याच्या हातावर दही घालते, वडील खांद्यावर हात ठेवतात, आणि दोघेही त्याच्याकडून एक शब्द घेतात की, शिक्षण संपताच तू परत येशील. मुलगा तो शब्द देतो. अमेरिकेला जाणारा विद्यार्थी असाच शब्द आणखी एके ठिकाणी देऊन आलेला असतो. आपले घर भारतात आहे आणि ते सोडण्याचा आपला विचार नाही, असे त्याने त्या देशाच्या वकिलातीतील अधिकाऱ्याला पटवून दिलेले असते. पुढे दोन वर्षांचे शिक्षण पुरे होते, नोकरी लागते, एकामागून एक परवाने मिळतात, आणि एके दिवशी तो त्या देशाचा कायमचा रहिवासी होतो. तेव्हा विचारी गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो की, त्या दोन शब्दांचे काय झाले?

या विषयावर समाजात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्या भूमीचे अन्न खाऊन देह वाढला तिला पैशासाठी सोडून परक्या देशी राहणे ही कृतघ्नता होय. दुसरा पक्ष म्हणतो, जेथे उत्कर्ष होईल तेथे मनुष्याने जावे. यात धर्माचा काय संबंध? वस्तुतः ही दोन्ही मते घाईने बनविलेली आहेत. कोणतीही भूमी मनुष्याला आपोआप पुण्यवान करीत नाही, वा पापीही करीत नाही. आईवडिलांच्या शेजारच्या खोलीत राहून त्यांची विचारपूस न करणारे पुत्र आहेत, आणि समुद्रापलीकडून रोज त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करणारेही आहेत. स्थळ बदलणे हे एक कर्म आहे. त्याचे मूल्य कर्त्याचा हेतु, त्याने दिलेला शब्द आणि त्या कर्माचा इतरांवर पडणारा भार या तिहींवरून ठरते. आणि या तिहींच्या मुळाशी सत्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी व्हिसा मागणारा मनुष्य तेथे कायम राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे पटवून देण्याचा भार त्याच्यावरच असतो. परंतु तोच देश शिक्षणानंतर त्याला आपल्या विषयात एक वर्ष काम करण्याची मुभा देतो. विज्ञान, तंत्रशास्त्र, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवीधरांस आणखी दोन वर्षे मिळू शकतात. नंतर मालकाने अर्ज केल्यास एच-१बी हा कामाचा व्हिसा मिळण्याचा संभव असतो. त्याची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ८५,००० असून त्यांतील २०,००० जागा अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आहेत. या व्हिसावर असताना कायम वास्तव्याची इच्छा धरण्यास १९९० च्या कायद्यापासून हरकत राहिलेली नाही. शेवटची पायरी ग्रीन कार्डाची. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांसाठी साधारणतः ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय अर्जदार फार असल्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांना दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत काढावा लागतो.

म्हणजे जो देश दाराशी परतण्याची हमी मागतो तोच आत गेल्यावर राहण्याचा जिना दाखवितो. इतर देशांनी ही विसंगती काही अंशी दूर केली आहे. कायम राहण्याची इच्छा असली तरी मुदत संपताच निघून जाण्याची तयारी असेल, तर तेवढ्यावरून तात्पुरता प्रवेश नाकारू नये असे कॅनडाचा कायदा स्पष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला आपण तात्पुरतेच येत आहोत हे दाखवावे लागे. मार्च २०२४ पासून तो खरा विद्यार्थी आहे की नाही एवढेच पाहिले जाते. यास्तव आपण कोणत्या देशाला कोणता शब्द देत आहोत, हे जाणाऱ्याने आधी समजून घेतले पाहिजे.

येथून पहिले सत्य सुरू होते. ते राज्याशी पाळावयाचे सत्य. बदललेला विचार आणि लपविलेला विचार यांत मोठा भेद आहे. बावीस वर्षांचा तरुण परत येण्याच्या खऱ्या बुद्धीने जातो. तेथे प्रयोगशाळेत त्याला मनासारखे काम सापडते, विवाह होतो, आणि पाच वर्षांनी त्याचा संकल्प पालटतो. यात असत्य नाही. मनुष्याचे जीवन असेच उलगडत जाते. परंतु जो राहण्याचे ठरवूनच निघतो, एजंटाने पढविलेली उत्तरे घोकतो, चार दिवसांसाठी उसने आणलेले पैसे बँकेच्या खात्यात दाखवितो, त्याच्या प्रवासाचा पायाच असत्याचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. ज्या विद्यापीठात त्यांनी नाव घातले होते तेथे ना वर्ग होते ना शिक्षक. सरकारी अधिकाऱ्यांनीच ते सापळा म्हणून उभे केले होते. कोणी म्हणेल, फसविणारे तर अधिकारीच होते. सापळा लावणाऱ्याचा दोष त्याच्याकडे राहील, आणि त्यांत काही भाबडेपणाने फसलेले असतील तर त्यांची कीव केली पाहिजे. पण वर्ग नसलेल्या विद्यालयाची फी भरताना आपण शिकावयास जात आहोत असे जाणत्या मनुष्याला तरी म्हणता येणार नाही. केवळ कागदांसाठी विवाहाचा देखावा करणे हे तर अमेरिकेत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. शिवाय त्यात एका पवित्र संस्काराचाच व्यापार होतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, जन्माचा देश पाहून रांग लांबविणारा कायदा मुळातच अन्यायी आहे, मग त्याच्याशी सत्याने का वागावे? कायदा अन्यायी असेल तर त्याविरुद्ध बोलावे, लिहावे, तो बदलण्याचा यत्न करावा. परंतु खोटे बोललेली जीभ आपलीच असते. तिला एकदा सवय लागली की ती वकिलातीच्या दाराशी थांबत नाही. ती घरातही येते.

दुसरे सत्य आईवडिलांशी पाळावयाचे. इंदूरच्या एका निवृत्त शिक्षकाचे उदाहरण कल्पावे. मुलगा डॅलसला नोकरीत आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो.

“बाबा, एवढे ग्रीन कार्ड हाती आले की तुम्हां दोघांना इकडेच घेऊन येतो.”

“ते कधी येईल, बाळ?”

“येईल, दोन-तीन वर्षांत.”

सहा वर्षांपूर्वीही हेच उत्तर होते. या शब्दावर विसंबून आईवडिलांनी दुसऱ्या मजल्यावरचे घर बदलले नाही, आईने गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, घरी कामाला कायमचे माणूस ठेवले नाही. पण कायदा काय सांगतो? ग्रीन कार्ड असलेल्याला आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी अर्जच करता येत नाही; तो अधिकार एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाचा आहे. नागरिकत्व तर ग्रीन कार्डानंतर सामान्यतः पाच वर्षांनी मागता येते, आणि ते घेताच भारताच्या १९५५ च्या कायद्यान्वये भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासून परदेशस्थ भारतीयांसाठी जे ओसीआय कार्ड मिळते त्याने येथे येता-राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हा सर्व हिशेब मुलाने कधी मांडलेला नसतो, किंवा मांडूनही सांगितलेला नसतो. तो क्रूर नसतो. आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणूनच तो तसे बोलतो. परंतु मायेपोटी बोललेल्या असत्यावरही वृद्ध मनुष्य आपल्या उरलेल्या वर्षांची आखणी करतो, आणि ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

असत्य दुसऱ्या बाजूनेही असते. “आम्ही अगदी मजेत आहोत” असे सांगून आईवडील छातीतील दुखणे लपवितात. मग एके रात्री रुग्णालयातून फोन जातो. ज्याच्या पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपली आहे तो तेथे कायदेशीरपणे राहू शकत असला, तरी एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाण्यासाठी त्याला बहुधा वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो. पित्याच्या अंत्यदर्शनाला निघावे, की पत्नी व मुले यांच्यापासून महिनोन्‌महिने अडकून पडण्याची भीती धरावी, असा प्रसंग त्याच्यापुढे येतो. अशा पुत्राला दगडाच्या काळजाचा म्हणणाऱ्यांनी क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

तिसरे सत्य स्वतःशी पाळावयाचे. आणि तेच सर्वांत कठीण. रणांगणावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले तेव्हा त्याने आपल्या शोकाला कुलधर्माचे व दयेचे शब्द दिले होते. मोह स्वतःच्या नावाने कधी येत नाही. तो धर्माची भाषा उसनी घेऊन येतो. परदेशी राहणारा म्हणतो, “हे सारे मुलांच्या भवितव्यासाठी.” परत बोलाविणारा पिता म्हणतो, “हे सारे त्याच्या धर्मासाठी.” दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. परंतु पहिल्याआड सुखसोयींची व मानाची आसक्ति असू शकते, आणि दुसऱ्याआड पुत्रावरील स्वामित्वाची. याची एक कसोटी आहे. जे कारण आपण लोकांना सांगतो ते उद्या नाहीसे झाले, तरीही आपण तोच आग्रह धरू काय? धरणार असू, तर सांगितलेले कारण खरे नव्हे.

स्वतःशी असत्य बोलणाऱ्याचे सारे आयुष्य “तूर्त” या शब्दात जाते. नोकरी सुटल्यास एच-१बी धारकाला दुसरी व्यवस्था करण्यास फार तर ६० दिवस मिळतात. रांग चालू असता भारतात जन्मलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की बहुधा आईवडिलांच्या अर्जातून गळते. या भयाने तो तेथे मुळे धरीत नाही, आणि परत जाऊ या आशेने ती येथून उपटीतही नाही. शेजाऱ्याशी स्नेह नाही, गावाची सेवा नाही, कारण आपण तूर्तच आहोत. अशी पंधरा वर्षे गेली तरी तूर्त संपत नाही. जेथे आज देह आहे तेथले कर्तव्य आज करावयाचे असते. कार्ड येईपर्यंत धर्म थांबत नाही.

देशाच्या ऋणाचाही विचार केला पाहिजे, पण तो एकांगी नसावा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन बोलल्याप्रमाणे परत आल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये निवर्तल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते शब्दाप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना, कचेरीत अवमान झाला, आणि त्यांना बडोदा सोडावे लागले. शब्द त्यांनी पाळला होता. समाजाने आपला धर्म पाळला नाही. हरगोविंद खुराणा १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, १९४९ मध्ये परत आले, येथे योग्य काम न मिळाल्याने पुन्हा बाहेर पडले, आणि १९६८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होते. येणाऱ्याला जागा न देणाऱ्या समाजाने न येणाऱ्याला दोष देताना जपून बोलावे.

यास्तव गृहस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) मुलगा वा मुलगी निघण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने बोलावे. जे निश्चित नाही त्याची शपथ घेऊ नये व घ्यावयास लावू नये. “आज परत येण्याचा विचार आहे, तो बदलला तर प्रथम तुम्हांला सांगेन” हा शब्द लहान असला तरी पाळता येण्याजोगा आहे.

(२) अर्जात व मुलाखतीत एकही खोटे अक्षर नसावे. सत्य सांगून व्हिसा नाकारला गेला तर एक वाट बंद होते. असत्याने मिळाला तर पुढील प्रत्येक वाटेवर भय चालते.

(३) घर गहाण ठेवून कर्ज काढावयाचे असेल, तर नोकरी न मिळाल्यास ते कसे फिटेल याचा विचार आधी करावा. मुलाला परतीचे दार उघडे राहील असे कर्ज असावे.

(४) वर्षातून एकदा आईवडिलांनी आपल्या प्रकृतीची आणि मुलांनी आपल्या कागदपत्रांची खरी स्थिती परस्परांना सांगावी. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा परदेशी असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण पैसा पाठविल्याने निर्वाह होतो, सेवा पूर्ण होत नाही. ती कोण करणार हे भावंडांनी मिळून ठरवावे, आणि जो जवळ राहून करतो त्याचा मान दूरच्या कमावत्यापेक्षा कमी लेखू नये.

(५) जो कायम राहिला त्याने त्या देशाचे कायदे निष्ठेने पाळावेत, तेथील दुःखितांना आपले मानावे. आणि जो परतला त्याने आपण अपयशी ठरलो असे मानू नये.

इंदूरच्या त्या घरी एका रविवारी असे घडावे—

“बाबा, आज खरे सांगतो. मी आता तिकडे राहायला परत येईन असे मला वाटत नाही. आणि तुम्हांला इकडे आणणेही पुष्कळ वर्षे जमणार नाही.”

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे आम्हांला कधीचे कळले होते, बाळ. तू सांगितलेस, बरे केलेस. आता तुझ्या आईच्या गुडघ्याचे पाहू, आणि तळमजल्यावरचे घर शोधू. तू शस्त्रक्रियेच्या वेळी येऊ शकशील का, तेवढे मात्र नक्की विचारून सांग.”

दुःख त्या घरातून गेले नाही. पण त्या दिवसापासून कोणीही खोट्या आशेवर दिवस मोजीत बसले नाही. पुत्र दूर राहिला तरी त्याचा शब्द घरात पुन्हा खरा झाला, आणि त्या शब्दावर आईवडिलांना आपले पाऊल ठेवता आले.