बाकावरचा शेजारी

'पब्लिक स्कूल' या शब्दाइतकी फसवी पाटी दुसरी नसेल. आपल्याकडे ती जिथं लागते, तिथली फी ऐकून पब्लिक फाटकातूनच परत फिरतं. इंग्लंडात तर ईटनसारख्या खाशा शाळेला पब्लिक म्हणतात. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ सरळ आहे : सरकारी खर्चानं चालणारी, बिनफीची, सगळ्यांची शाळा. सकाळी पिवळी बस येते आणि पोरांना घेऊन जाते. एवढी सोय असूनही तिथले काही भाविक ख्रिस्ती आईबाप 'मुलाला त्या शाळेत घालावं का?' या विचारानं रात्र रात्र जागतात, हे मला ओहायोत भाच्याकडे महिनाभर राहिल्यावर कळलं. आणि इकडे सत्यनारायण घालणारी माणसं कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी रांगा लावतात. आता बोला!

भाच्याच्या उजवीकडचे शेजारी मुलांना घरीच शिकवत. डावीकडचे पिवळ्या बसनं धाडत. दोघंही एकाच चर्चला जाणारे, सज्जन, आणि दोघांकडेही बायबलातलाच आधार तयार! उजवीकडचे म्हणत, देवाच्या आज्ञा मुलांना घरीदारी, उठताबसता शिकवायचं काम मोशेनं आईबापांवर सोपवलंय, मास्तरांवर नाही. डावीकडचे म्हणत, दानीएल बाबिलोनच्या राजवाड्यात परक्यांची विद्या शिकला, म्हणून त्यानं धर्म सोडला काय? शिवाय आम्ही जगाचं मीठ. मीठ बरणीतच राहिलं तर आमटीला चव कुठून यायची? मला हे पटत आलं होतं, तेवढ्यात उजवीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सहा वर्षांच्या पोराला कुणी आघाडीवर पाठवतं का?" हेही पटलं. पाहुण्याला सगळंच पटतं.

'कोर्टानं शाळेतून देवाला हाकललं' ही तिथली जुनी तक्रार. तिथल्या सुप्रीम कोर्टानं 1962 साली सरकारी शाळेनं घालून दिलेली प्रार्थना आणि 1963 साली शाळेतलं रोजचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, हे खरंच. पण गणिताच्या पेपराआधी मनातल्या मनात देवाला साकडं घालणाऱ्या पोराला कुठलंही कोर्ट अडवत नाही. आणि शाळेत देव होता तेव्हा फार शांतता नांदत होती, असंही नाही. 1844 साली फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, चर्च जळली, माणसं मेली. शाळेत प्रॉटेस्टंटांचं बायबल वाचायचं की कॅथलिकांचं, हे त्यातलं एक भांडण! म्हणजे दोन्हीकडे ख्रिस्तीच. तेव्हा शाळेनं कुणाचाच देव्हारा मांडू नये, ही सोय काही नुसती नास्तिकांची नाही.

उलट बाजूनं, सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घाला, असा कायदा ऑरेगन राज्यानं केला, तो याच कोर्टानं 1925 साली रद्द ठरवला. मूल काही सरकारच्या मालकीचं नव्हे. थोडक्यात, पाठवा किंवा पाठवू नका, डोकेदुखी तुमची.

या भीतीला आपण तरी हसू नये. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि पुढं मिशनच्या शाळा निघाल्या, तेव्हा आपल्या पणजोबांच्याही पोटात हाच गोळा उठला होता : पोरगं बाटेल का? 1843 साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या मुलाच्या प्रकरणावरून केवढं वादळ झालं! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

उजवीकडच्यांचा हक्क मला मान्य आहे. पण माझा स्वार्थ डावीकडे आहे. भाच्याचा मुलगा त्याच पिवळ्या बसनं जातो. सगळ्या भाविकांनी आपापली मुलं घरी बसवली, तर त्याच्या शेजारी बसणार कोण? सध्या डावीकडच्यांची मुलगी बसते. तिनं एका रात्री बापाला विचारलं, "तो इतका चांगला आहे, मग तो स्वर्गात का नाही येणार?"

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, मला विचार करावा लागेल. पण शनिवारी त्याला जेवायला बोलाव."

उजवीकडच्या बाईंना धास्ती होती ती नेमक्या अशाच प्रश्नाची. पण हा प्रश्न शाळा चुकवली म्हणून चुकत नाही. सहाव्या वर्षी नाही, तर विसाव्या वर्षी नोकरीच्या जागी तो गाठतो. तेव्हा उशाशी बाप नसतो, एवढाच फरक. देवावरची श्रद्धा मुलाला घरातूनच मिळते. पण ती अंगी किती मुरली, हे दुसऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

शनिवारी आमचा नातू जेवायला निघाला. भाचेसूनबाईंनी त्याला दारात थांबवून चारदा बजावलं, "तिथं गाईचं काही खाऊ नकोस हं!"

भीतीचं काय, ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहते.