शिकविणें आणि करून देणें

वडीलधाऱ्यांनीं शिकवावें आणि लहानांनीं शिकावें, हा क्रम आपल्या समाजांत इतका मुरलेला आहे कीं, तो उलटा झालेला पाहतांच कोणास हसूं येतें, तर कोणास कौतुक वाटतें. मुरबाड तालुक्यांतील फांगणे येथें २०१६ सालीं आजीबाईंची शाळा निघाली, तेव्हां गुलाबी लुगडीं नेसून, दप्तर घेऊन निघालेल्या त्या विद्यार्थिनींचीं छायाचित्रें देशोदेशीं गेलीं. तें कौतुक योग्यच होतें. पण तेथें शिकण्यांत सक्ती नव्हती. आज खेड्यांतील वृद्धापुढें जी नवी विद्या येऊन उभी राहिली आहे ती त्याची इच्छा विचारीत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव तालुक्याचें फुलसावंगी हें गांव २०२१ च्या ऑगस्टमध्यें वर्तमानपत्रांतून गाजलें. आठवीपर्यंत शिकलेल्या एका तरुण कारागिरानें यूट्यूबवरील चित्रफिती पाहून हेलिकॉप्टर बनविलें, आणि त्याच्या चांचणींतच त्याचा अंत झाला. त्या साहसाचें मोल करण्याचें हें स्थळ नव्हे. ज्या पडद्यापुढें बसून गांवचा मुलगा कोणी न शिकवितां पातीं फिरविण्याची विद्या मिळवितो, त्याच पडद्यास बोट लावावयास त्याच्या आजोबांच्या वयाचा शेतकरी कचरतो, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे. आणि योगायोग असा कीं, त्याच महिन्याच्या १५ तारखेस राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली.

पूर्वीं तलाठी गांव नमुना बारामध्यें पीक लिहीत असे. आतां शेतकऱ्यानें आपल्या मोबाईलवर गट क्रमांक, पीक, क्षेत्र भरावें आणि उभ्या पिकाचें छायाचित्र काढावें, असा प्रघात पडला. नुकसानभरपाई असो, पीकविमा असो, ह्या नोंदीकडे बोट दाखविलें जातें. २०२५ च्या हंगामांत हमीभावानें कापूस महामंडळास घालावयाचा तर 'कपास किसान' नांवाच्या ॲपवर नोंदणी लागूं लागली. ज्यानें जन्मभर कापूस पिकविला त्याला तो विकण्यासाठीं नातवाचें तोंड पाहावें लागतें.

येथें तरुण स्वयंसेवक पुढें येतात, आणि येतात तें चांगल्याच मनानें. २०१७ पासून चाललेलें प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान चौदा ते साठ वर्षांच्या माणसांपुरतेंच होतें व २०२४ च्या मार्चअखेर तें संपलें. साठीनंतर मनुष्यास व्यवहारच उरत नाहीं असा योजनाकारांचा समज असावा! २०२२ सालीं आरंभिलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत मात्र पंधरा वर्षांपुढील कोणासही मज्जाव नाहीं. शिकविण्याचें काम स्वयंसेवकांवर आहे, आणि अक्षरांबरोबर डिजिटल व्यवहारही त्यांत धरला आहे.

परंतु खरा प्रश्न ह्यापुढें आहे. "आजोबा, आणा इकडे, मी करून देतो," असें म्हणून मुलगा मोबाईल हातीं घेतो. ओटीपी तोच वाचतो, पासवर्ड तोच ठरवितो, दोन मिनिटांत काम उरकतें. म्हातारा आशीर्वाद देतो आणि पुढच्या हंगामांत पुन्हां दारांत उभा राहतो. ह्यांत कोणाचें कांहीं बिघडलें काय? आमच्या मतें बिघडलें. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, त्यामागें अनेक कारणें होतीं. पण न वाचतां येणाऱ्या कागदावर अंगठा उठविल्याचा संताप त्यांपैकीं एक होता. स्वयंसेवक हा सावकार नव्हे, हें उघड आहे. तरी काय लिहिलें हें न कळतां दुसऱ्याच्या भरंवशावर संमति देण्याची जी संवय, ती दोन्हीकडे एकच. आणि ती संवय लागलेल्या मनुष्यास उद्यां कोणी लबाड भेटला तर तो त्यालाही ओटीपी तितक्याच विश्वासानें सांगेल.

ह्यावर कोणी म्हणेल, म्हाताऱ्यास शिकावयाचेंच नसेल तर? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उन्हातान्हांत राबलेल्या माणसानें सत्तराव्या वर्षीं "आतां हें नको" म्हटलें, तर तो त्याचा हक्क आहे. त्याच्यासाठीं खिडकी उघडी ठेवणें हें सरकारचें कर्तव्य होय. तें मुलांच्या परोपकारावर लोटून देतां येणार नाहीं. तलाठ्यानें चूक केली तर दाद मागावयास जागा होती. शेजारच्या मुलानें सोयाबीनच्या जागीं कापूस लिहिला तर कोणाकडे जावें? जो शिकूं इच्छितो त्याच्यापुरता मात्र एकच नियम पुरे: मोबाईल आजोबांच्याच हातीं राहावा. कष्टानें झिजलेलें बोट पडद्यावर चटकन् उमटत नाहीं, अक्षर बारीक दिसतें, कालचें आज विसरतें. ह्या सर्वांस वेळ लागतो, आणि तरुणाजवळ नेमकी त्याचीच वाण असते. पासवर्ड टाकतांना त्यानें तोंड फिरवावें, इतकी मर्यादा कोणत्याही वर्गांत शिकविली जात नाहीं. ती घरींच शिकावी लागते.

पीक पाहणीचें काम ह्या दृष्टीनें बरें आहे, कारण तें ओट्यावर बसून नीट होत नाहीं. छायाचित्रासाठीं शेतांतच जावें लागतें. तेथें मुलास कळ कोठें दाबावी हें ठाऊक असतें, पण बांध कोठें संपतो, तूर कोणत्या तासांत पेरली, पाणी कोठें साचून किती पऱ्हाटी जळाली, हें त्याला विचारूनच घ्यावें लागतें.