वाळवंट कुणामुळे?

ठाण्यात कॅडबरी जंक्शनवरून वर्तकनगरकडे जातो तो पोखरण रोड नंबर 1. अणुचाचण्यांमुळे जगाला ठाऊक झालेल्या राजस्थानातल्या पोखरणशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही. पावसाच्या बाबतीत तर दोघांची दोन टोके. येऊरच्या डोंगरावर ढग टेकले की वर्तकनगरात गच्चीवरची ताडपत्री घट्ट बांधायची घाई सुरू होते. चार महिन्यांत इथे 2,500 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवरच्या पोखरणला 250 मिलिमीटरचीही मारामार. समुद्र तोच, मोसमी वारेही तेच. मग तिकडे वाळवंट का? गेल्या तीनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बरीच मिळाली आणि जवळजवळ दर वेळी आरोपी बदलला.

पहिला धागा सापडला तो वाळवंटाचा विचारही न करणाऱ्या माणसाला. लंडनचा वकील जॉर्ज हॅडली 1735 मध्ये व्यापारी वाऱ्यांचे कोडे सोडवत होता. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, ध्रुवाकडे सरकते आणि पुढे खाली उतरते, असे त्याने मांडले. एकोणिसाव्या शतकात विल्यम फेरेल या अमेरिकन शाळामास्तराने त्यात दुरुस्ती केली आणि ही हवा 30 अंशांच्या आसपास उतरते, हे चित्र हळूहळू पक्के झाले. उतरणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी तापते. तापलेल्या हवेत ढग धरत नाही. सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलिया, सगळे या पट्ट्यात नीट बसतात.

चेरापुंजी मात्र बसत नाही. तेही 25 अंशांवरच आहे, लिबियाच्या वाळवंटाच्या रांगेत.

दुसरा आरोपी डोंगर. त्याच्याविरुद्धचा पुरावा पाहायला ठाणेकराला लांब जावे लागत नाही. कल्याणहून नगरच्या एसटीत बसावे. मुरबाडपर्यंत भातखाचरे सोबत करतात. माळशेज घाटात खिडकीच्या काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नाही. घाट संपून ओतूर, आळेफाटा मागे पडले की आकाश मोकळे होते आणि पारनेरच्या बाजूला बाजरी दिसू लागते. तिथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे ठाण्याचा पाचवा हिस्सा. कंपनी सरकारचा अधिकारी कर्नल साइक्स याने दख्खनमध्ये हिंडून हवामानाची मोजमापे केली आणि 1835 मध्ये ती प्रसिद्ध केली. घाटमाथा आणि देश यांतली तफावत तेव्हापासून कागदावर आहे. पर्जन्यछाया आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते.

पण पारनेर म्हणजे वाळवंट नव्हे. माण-खटावही नव्हे. परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरावरून सरकणारे कमी दाबाचे पट्टे सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे हजेरी लावतात, रब्बीची ज्वारी उभी राहते. सह्याद्री दुष्काळ देतो. वाळवंट करायला त्याचे एकट्याचे बळ पुरत नाही.

राजस्थानच्या बाबतीत तर शाळेत उलटाच आरोप शिकवला जातो: अरवली वाऱ्याला समांतर आहे, ती ढग अडवत नाही, म्हणून थर कोरडे. हे उत्तर परीक्षेत मार्क देते, पण पुरत नाही. दिल्लीपुढेही वारा अडवणारा डोंगर नाही आणि तिथे थरच्या तिप्पट पाऊस पडतो. कराची समुद्रकाठी असून थरइतकीच कोरडी. (चिलीच्या आरिकाचे ठीक आहे; तिथल्या किनाऱ्याला थंड प्रवाह लागून वाहतो, हवा वर चढतच नाही, आणि वर्षाला सरासरी 1 मिलिमीटरही पाऊस होत नाही. कराचीजवळ इतका थंड प्रवाह नाही.)

1967 मध्ये विस्कॉन्सिनच्या रीड ब्रायसनने खरी मेख दाखवली. पावसाळ्यात थरवरच्या हवेत बाष्प भरपूर असते. तुटवडा आहे तो हवा वर नेणाऱ्या उठावाचा. दोष त्याने धुळीला दिला. गुरे-शेळ्यांनी गवत खाल्ले, माती उडाली, धुळीने वरची हवा थंड होऊन खाली बसू लागली. 1975 मध्ये एमआयटीच्या ज्यूल चार्नीने सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या दुष्काळासाठी याच जातीचे कारण सांगितले: उघडी जमीन ऊन परत फेकते, त्यामुळे हवा खाली दबते. त्या काळात शेळीइतकी बदनामी दुसऱ्या कुणाची झाली नसेल. साहेलच्या दुष्काळाचे सूत्र पुढे मुख्यतः समुद्राच्या तापमानात सापडले. आणि 1999 मध्ये बिकानेरजवळच्या लुणकरणसर तलावाच्या गाळाने वेगळीच साक्ष दिली. हडप्पा संस्कृतीची नगरे भरात येण्याआधीच तो तलाव आटला होता. कोरडेपणा आधीचा, नगरे नंतरची; मग दोष त्यांच्या गुराढोरांवर कसा टाकायचा?

त्याआधी 1996 मधल्या एका शोधनिबंधाने तर आरोपीच्या पिंजऱ्यात थेट पाऊस उभा केला. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स यांना एक विसंगती खुपत होती. हॅडलीचे उत्तरेकडचे चक्र उन्हाळ्यात मंदावते, तरी पूर्व सहारा आणि भूमध्य समुद्रावर हवा नेमकी तेव्हाच जोरात खाली उतरते. त्यांनी संगणकावरच्या प्रारूपात आशियाई मोसमी पावसाची उष्णता घातली, आणि तिकडची हवा खाली येऊ लागली. बाष्पाचे पाणी होताना किलोमागे सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. भारत आणि बंगालच्या उपसागरावर ती हवेला वर ढकलते, त्याचा धक्का महाकाय लाटांच्या रूपाने पश्चिमेला जातो, आणि तिथल्या वाऱ्यांशी गाठ पडून इराणपासून लिबियापर्यंत हवा खाली उतरते. इराण-अफगाणिस्तानकडची ती कोरडी, उष्ण हवा थरवर झाकणासारखी पसरते. दमट वारा खालच्या एक-दीड किलोमीटरमध्येच कोंडून राहतो.

म्हणजे मोसमी पाऊस आणि पश्चिमेकडची ती कोरड हा एकाच व्यवहारातला जमा-खर्च आहे. डोंगर आणि प्रवाह स्थानिक हिशेब बदलतात, एवढेच.

हा हिशेब कायमचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे माजी संचालक बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवले की 1901 ते 2015 दरम्यान वायव्य भारत आणि पाकिस्तानच्या निमकोरड्या भागात पाऊस वाढला आहे आणि मोसमी पावसाचा पट्टा पश्चिमेला सरकतो आहे. वाळवंटात पाऊस वाढला तर आनंदच, असे इथे बसून वाटते. पण ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षभराच्या पावसाहून अधिक पाऊस कोसळला आणि कवास गाव बुडाले. तिथल्या जमिनीखाली जिप्समचा थर आहे, पाणी मुरेना. पूर ओसरल्यावरही ते कित्येक महिने गावाभोवती तुंबून राहिले.