फळ कोण खाणार?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२ (शेवटचा भाग)

या अध्यायात गोपींच्या व्रताची आणि वस्त्रहरणाची कथा आहे. तिच्यावर पुष्कळ बोललं जातं आणि शेवटचे श्लोक घाईत वाचून होतात. आज तिथे थोडं थांबूया. उन्हाळ्याचे दिवस आहेत. गाई चारत चारत कृष्ण, बलराम आणि सवंगडी वृंदावनापासून लांब आले आहेत. डोक्यावर ऊन आहे आणि झाडांनी छत्री धरावी तशी सावली धरली आहे. ती पाहून कृष्ण मित्रांना म्हणतो, यांचं जगणं बघा. वारा, पाऊस, ऊन, थंडी हे स्वतः सोसतात आणि आपल्याला त्यातून वाचवतात. मागायला आलेला कुणी यांच्या दारून रिकामा जात नाही. पानापासून राखेपर्यंत यांचं सगळं दुसऱ्याच्या कामी येतं.

हे वाचताना मला आमच्या घरातला या महिन्यातला वाद आठवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीकडच्या कितीतरी वाड्या झोपल्या. आमच्या परसातला जुना आंबाही गेला. ती जागा अजून मोकळीच आहे. यंदा तिथे झाड लावायचं मी ठरवलं, तेव्हा पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लाव हवं तर. पण खाणार कोण? तुम्ही दोघं आणि आजी. आम्ही येणार वर्षातून चार दिवस."

तो वाईट हेतूने बोलला नाही. त्याचं म्हणणं खरंच आहे. हे घर पुढे राहील की विकलं जाईल, मला ठाऊक नाही. मग ज्या झाडाला फळ धरायलाच पाच-सात वर्षं लागणार, ते कशासाठी लावायचं?

अशा वेळी आपण पटकन गीतेच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळतो. फळाची आशा न धरता कर्म करावं. पण एक शंका मला नेहमी येते. फळाची आशाच नसेल, तर मग कुठलंही झाड, कुठेही, कसंही लावलं तर काय बिघडलं?

सासूबाईंनी नकळत याचं उत्तर दिलं. त्या ८४ वर्षांच्या आहेत. मी म्हटलं, "आई, हापूसचं कलम आणते." त्या म्हणाल्या, "अगो, हापूस मागे आहेतच. इथे रातांबा लाव. आणि रोप नको आणूस, कलमच आण. पाणंदीच्या कडेला लाव, म्हणजे येणारी-जाणारी वेचतील."

'कलमच आण' यात त्यांचा अनुभव आहे. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी लावून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे कित्येक वर्षांनी. मादी झाडाच्या काडीचं कलम बांधलं की तो प्रश्न मिटतो. स्वतःसाठी फळ नको म्हणणारी बाई फळ धरणारंच झाड हवं म्हणून इतकी चोखंदळ होती! म्हणजे फळ 'मला' हवं, हा हट्ट सोडायचा. फळाची काळजी सोडायची नाही. निष्काम या शब्दाचा अर्थ निष्काळजी असा होत नाही, हे मला त्या दिवशी नीट उमगलं.

म्हणून सगळं रीतसर केलं. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. त्यात चांगली माती आणि कुजलेलं शेणखत. पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर लागण. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. आता सांध्याखालून फुटणारे धुमारे काढत राहायचे, नाहीतर खालचं रोपच माजतं आणि वरचं कलम दबून जातं. हे काम रोज डोळा ठेवून करावं लागतं. साधनेतही असंच असतं. चांगलं काम हाती घेतलं तरी खालून 'हे मी केलं' हा धुमारा फुटतोच. एकदा खुडून भागत नाही.

आणखी एक गोष्ट. मादी झाडाला नीट फळ धरायचं तर आसपास नर झाड लागतं. ते आमच्या परसात नाही. पाणंदीपलीकडे, दुसऱ्याच्या जागेत आहे. त्याला स्वतःला एक रातांबा लागत नाही, पण त्याच्यावाचून आमचं झाड भरायचं नाही. 'माझ्या झाडाचं फळ' असं म्हणण्यात तरी किती अर्थ आहे!

भागवतात पुढच्या अध्यायात काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. याच मुलांना भूक लागते. कृष्ण त्यांना यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणांकडे अन्न मागायला पाठवतो. ते विद्वान आहेत, कर्मात मग्न आहेत, पण मुलांकडे लक्षच देत नाहीत. अन्न घेऊन धावतात त्या त्यांच्या बायका. आधी झाडांची स्तुती आणि लगेच हा प्रसंग! झाडांनी कुणाला 'तू कोणाचा' असं विचारलं नव्हतं. यज्ञाला बसलेल्यांना मात्र दारातली भूक दिसली नाही.

मुलाच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. खाणार कोण, हे मला माहीत नाही. वैशाखात पाणंदीने जाणारी एखादी बाई ओटीत रातांबे भरून नेईल, सोलं वाळवेल, बियांचं तेल काढून पायाच्या भेगांना लावेल. तिला आमचं नाव माहीत असायचं कारण नाही. तेव्हा हे घर कुणाचं असेल, याने तिच्या सोलकढीची चव बदलणार नाही.

आज एवढंच करूया. ज्याचं फळ आपल्याला मिळेलच असं नाही, असं एखादं काम निवडूया आणि ते स्वतःसाठी केलं असतं तितक्याच निगुतीने करूया.

रामकृष्ण हरी.