ख्रिस्ती मनुष्याने शिपाई व्हावे काय?

वऱ्हाडातील आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, व त्याचे उत्तर बहुधा घाईने देण्यात येते. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या गावी तरुण मुलगा पहाटे उठून सडकेने धावू लागला म्हणजे घरची माणसे पाळकाकडे अगर उपदेशकाकडे येतात व विचारतात की, आमच्या लेकराने फौजेत जावे की नाही? कोणी म्हणतो, सहावी आज्ञा स्पष्ट आहे, मग विचार कसला? दुसरा म्हणतो, पगार वेळेवर मिळतो, देशाची सेवा होते, मग विचार कसला? परंतु ज्या कामात मनुष्याच्या हातून मनुष्याचा प्राण जाण्याचा संभव आहे, ते काम विचारावाचून पत्करणे विश्वासणाऱ्यास शोभत नाही, व विचारावाचून नाकारणेही शोभत नाही.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले व आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले. त्याने त्यांस नोकरी सोडा असे सांगितले नाही. जुलूम करून कोणाचे घेऊ नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. कफर्णहूम येथील शताधिपतीच्या विश्वासाची प्रभूने वाखाणणी केली. कैसरियाचा कर्नेल्य हाही शताधिपतीच होता, आणि त्याच्या घरी पवित्र आत्मा उतरला. ह्यावरून शिपाईगिरीचे दार देवाच्या राज्यास अगदीच बंद नाही, इतके निश्चित दिसते.

तथापि एवढ्यावरच इमारत उभारणे बरोबर नाही. प्रभूने शताधिपतीस तलवार टाक असे सांगितले नाही हे खरे, पण पेत्रास मात्र तलवार म्यानात घालावयास सांगितले हेही तितकेच खरे. दावीद राजा देवाच्या मनासारखा मनुष्य होता, त्याची युद्धे देवाच्या लोकांसाठी होती. तरी त्याने पुष्कळ रक्त पाडले म्हणून मंदिर बांधण्याचा मान त्यास मिळाला नाही. शास्त्र शिपायास हाकून देत नाही. पण रक्त हलके आहे असेही ते कोठे म्हणत नाही.

प्राचीन मंडळीतही ह्या बाबतीत एकमत नव्हते. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत माक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या ख्रिस्ती तरुणास रोमी फौजेत भरतीसाठी उभे करण्यात आले. त्याने शिपाई होण्यास साफ नकार दिला व त्याचा शिरच्छेद झाला. न्यायाधीशाने त्यास सांगितले होते की, खुद्द बादशहांच्या पदरी ख्रिस्ती शिपाई चाकरी करीत आहेत. त्यावर त्याने त्या बंधूंस दोष दिला नाही. त्यांचे काय ते त्यांस ठाऊक, आपणास मात्र हे करवत नाही, एवढाच त्याच्या बोलण्याचा भाव होता. स्वतःच्या विवेकासाठी प्राण देणे, आणि तोच विवेक दुसऱ्याच्या मानेवर न लादणे, ह्या दोन्ही गोष्टी त्या तरुणाकडून शिकण्याजोग्या आहेत.

आपल्या शेजारी देखील ह्या मताचे लोक येऊन राहिले. सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबादेस फ्रेंड्स म्हणजे क्वेकर मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात काम आरंभिले, आणि धमतरी येथे १८९९ मध्ये मेनोनाइट मिशन आले. कोणत्याही कारणास्तव ख्रिस्ती मनुष्याने शस्त्र धरू नये, ही ह्या दोन्ही पंथांची जुनी शिकवण आहे. आपण त्यांच्याशी सर्वस्वी सहमत नसू. कारण दरोडेखोर गावात शिरला असता दुर्बळांचे रक्षण कोणी करावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पण त्यांस भेकड म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

आता आपल्या प्रांताकडे पाहा. पेंढाऱ्यांच्या घोड्यांनी वऱ्हाडची गावे लुटली. पुढे निजामाच्या खर्चाने चाललेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकत गेला, कंपनीचे कर्ज वाढले, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत त्या फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या हवाली झाला. एलिचपुरास तिची छावणी असे. म्हणजे येथील शेतकऱ्याच्या साऱ्यातून शिपायाची भाकर भाजली जात होती. हे ध्यानात घेतले म्हणजे योहानाचे उत्तर किती खोल आहे ते कळते. त्याने समोरच्या शत्रूविषयी काहीच सांगितले नाही. जुलूम, खोटा आरोप, पगाराविषयी असंतोष, ही तिन्ही पापे शिपाई निःशस्त्र गरिबाविरुद्ध करतो. हातात बंदूक असता समोरच्या दुबळ्याशी तो कसा वागतो, येथेच त्याच्या धर्माची पहिली परीक्षा होते.

दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्यांस पलटण म्हणजे केवळ पोटाचे साधन नव्हते. महार शिपायांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली, तेव्हा पगाराबरोबर मानही गेला. १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेने १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्ये ती मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी पुष्कळ खटपट केली होती. ज्यास गावात पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, तोच गणवेष घालून आला म्हणजे लोक वाट देत. ही ओढ समजून न घेता तरुणास नुसती आज्ञा वाचून दाखविणे निर्दयपणाचे होईल. मात्र त्यास हेही सांगितले पाहिजे की, तुझी माणुसकी बंदुकीने तुला दिलेली नाही. ती देवाने दिली आहे, आणि गणवेष उतरल्यावरही ती तुझीच राहील. आजच्या अग्निवीरास हे विशेष सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत नोकरी चार वर्षांची आहे, आणि चौघांपैकी फार तर एकास पुढे कायम होण्याची संधी आहे.

तेव्हा जाणाऱ्याने आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे.

पहिला: मी कशासाठी जातो? आपल्या देशात सक्तीची भरती नाही. जो जातो तो आपण होऊन जातो. पुढे दुसऱ्याकडे बोट दाखविता येणार नाही. रक्षणासाठी जाणे एक, आणि मारण्याची हौस म्हणून जाणे दुसरे.

दुसरा: अन्यायाचा हुकूम झाला तर मी काय करीन? १९५० च्या सैन्य कायद्यातही, वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणे हाच अपराध सांगितला आहे. कैद्यास मारणे, स्त्रीची विटंबना करणे, निरपराध्याचे घर जाळणे, हे कोणाच्याही हुकमाने पुण्य होत नाही. असे उत्तर रणात सुचत नाही. ते घरीच, प्रार्थनेत ठरवून जावे लागते.

तिसरा: माझ्या उपासनेचे काय? पलटणीत सर्व धर्मांचे शिपाई एकत्र राहतात, व धार्मिक विधीही एकत्र होतात. २०२१ मध्ये एका ख्रिस्ती अधिकाऱ्यास, आपल्या शिपायांबरोबर मंदिराच्या गाभाऱ्यात जाण्याचे नाकारल्यावरून सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती कारवाई कायम ठेवली. त्या निकालाविषयी कोणाचे मत काहीही असो, ज्याचा विवेक ह्या बाबतीत नाजूक आहे त्याने भरतीच्या आधीच विचार करावा, मागाहून नव्हे.

ज्यास सेवा करावीशी वाटते पण मारवत नाही, त्याने निराश होऊ नये. डेस्मंड डॉस नावाच्या अमेरिकन शिपायाने बंदूक हाती घेण्याचे नाकारले, आणि १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर सुमारे पंचाहत्तर जखमी एकट्याने कड्यावरून खाली उतरविले. आपल्या सैन्यातही जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांची निराळी भरती होते.

शेवटी, उपदेशक बंधूंनो, एक शब्द आपणांस. तरुणाच्या वतीने आपण निर्णय करू नये. त्याच्याबरोबर बसावे, शास्त्र उघडावे, प्रार्थना करावी. तो गेला तर त्याच्या आईबापांची विचारपूस ठेवावी. आणि तो परत येईल तेव्हा केवळ हार घालून त्यास मोकळे करू नये. त्याने जे पाहिले व केले ते कदाचित त्यास झोपू देत नसेल. दाविदाच्या हातांवर रक्त होते, तरी देवाने त्याची प्रार्थना ऐकणे सोडले नाही. ज्या मंडळीत शिपायास आपल्या मनाचे ओझे लाजेवाचून उतरविता येईल, तीच मंडळी आपल्या लेकरास निरोप देण्यास योग्य होय.