उसाचे वर्ष, हप्त्याचा महिना

२०१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मी अकलूजच्या एका बँकेत मोटारीच्या कर्जासाठी अर्ज केला. खते-बियाण्यांच्या एका खासगी कंपनीत नोकरी होती. नातेपुते, वेळापूर, पिलीव अशी रोजची फिरती होती. पगार नियमित होता आणि कोणाचा एक रुपया कधी बुडवलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी संगणकाकडे पाहून सांगितले, "तुमच्या नावावर काहीच दिसत नाही." मला ते प्रशस्तिपत्र वाटले. त्याच कारणाने अर्ज परत येत आहे, हे उमगायला काही क्षण लागले.

घरी येऊन वडिलांना सांगितले. अण्णांचे उभे आयुष्य माळशिरसच्या शिवारात गेले. सोसायटीचे पीककर्ज ते दर मार्चअखेर नवे-जुने करीत. त्यात कधी खंड पडला नाही. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या दारात वसुलीला कुणी आलं नाही, हीच आपली पत. ती त्यांच्या यंत्रात कुठून दिसणार?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची काही वर्षे गेली.

पत म्हणजे इतरांनी आपल्या उद्यावर ठेवलेला विश्वास. गावात हा विश्वास माणसांच्या स्मरणात राहतो. दुकानदार वही न उघडता उधार देतो, कारण त्याला तीन पिढ्या ठाऊक असतात. या स्मरणात जिव्हाळा आहे, पण समता नाही. ज्याच्या नावावर सातबारा, त्याचा शब्द पुरेसा ठरे. भूमिहीन मजुराचा शब्द तितकाच खरा असूनही त्याला जामीन आणावा लागे.

लिखित नोंदीचा इतिहासही दुहेरी आहे. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. त्या खतांत काय लिहिले आहे, हे ज्याने अंगठा दिला त्यालाच वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. फेडीची पावती आणि हिशेबाचा उतारा देणे हे त्याने सावकाराचे कर्तव्य ठरवले. ज्या नोंदीने शेतकऱ्याला बांधले होते, तिच्याच दुसऱ्या प्रतीने त्याला संरक्षण दिले. नोंद कोणाच्या हाती आहे आणि ती कोणाला वाचता येते, यावर तिचा न्याय अवलंबून असतो.

आजच्या नोंदीचे स्वरूप वेगळे आहे. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ साली पतविषयक माहिती जमा करणाऱ्या संस्थांसाठी कायदा झाला. आता अशा चार संस्था देशात आहेत. बँका आणि वित्तसंस्था प्रत्येक कर्जदाराच्या फेडीची माहिती त्यांना पुरवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा अंक काढला जातो. २०१७ पासून प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा स्वतःचा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागवता येतो. मजुराने वेळेवर भरलेला हप्ता आणि बागायतदाराने वेळेवर भरलेला हप्ता तेथे सारख्याच अक्षरांत लिहिला जातो. गावाच्या स्मरणाला हे साधले नव्हते. मात्र हप्ता केव्हा आला एवढेच ती नोंद जाणते. का चुकला, हे ती विचारत नाही. दुष्काळ, आजारपण आणि बेफिकिरी यांचा ठसा तेथे एकच उमटतो.

एका जाणत्या स्नेह्याच्या सल्ल्याने मी पन्नास हजारांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घेतले. त्यावर केवळ पेट्रोल भरायचे आणि महिन्याचे देणे पूर्ण चुकते करायचे, एवढाच नेम होता. दीड वर्षाने माझ्या नावापुढे अंक दिसू लागला. २०१८ मध्ये पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले: व्याज नऊ टक्के, साठ हप्ते, प्रत्येकी १०,३७९ रुपये. एम. एच. ४५ क्रमांकाची गाडी दारात आली तेव्हा अण्णांनी तिला हळद-कुंकू लावले.

त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून चूक झाली. शेतातल्या विहिरीची मोटार जळाली आणि मी पगारातला मोठा भाग तिच्यासाठी खर्च केला. ऊस तुटून कारखान्याला गेला होता. नियमाने तुटलेल्या उसाची रक्कम चौदा दिवसांत मिळायला हवी, म्हणून हप्ता बिलातून भरू, असा मी हिशेब केला. बिल लांबले. हप्ता चाळीस दिवस उशिरा भरला गेला. दंड भरून पैशाचा प्रश्न मिटला, पण फेडीच्या रकान्यात उशिराचे दिवस लिहिले गेले. तो रकाना मागचे छत्तीस महिने दाखवतो.

अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "उसाचं बिल हातात पडेपर्यंत आपलं नसतं. त्याच्यावर हप्ता बांधू नये."

त्या वाक्याने मला माझी चूक नेमकी दिसली. आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावला की तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. आमच्या घरातील काळाची गणना या पिकाने घडवलेली आहे. लग्न, घर, विहीर, सारे 'बिल आल्यावर' ठरते. सोसायटीचे कर्जही हंगामाची गती ओळखून दिलेले असते. म्हणून अण्णांची पत त्या काळगणनेत निष्कलंक राहिली. हप्त्याचा काळ मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येऊन उभा राहतो. त्याला पाऊस ठाऊक नाही, तोडणी ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या घरातून पगाराच्या जगात जाणाऱ्या तरुणाला हे दोन काळ एकाच वेळी सांभाळावे लागतात आणि त्याची पहिली ठेच बहुधा त्यांच्या सांध्यावर लागते. त्या ठेचेत अप्रामाणिकपणा नसतो. पण प्रामाणिक हेतू तारखेपर्यंत पोहोचला नाही, तर समोरच्याच्या दृष्टीने तो अपुराच राहतो.

कर्ज म्हणजे आपल्याच पुढील श्रमांची आज केलेली उचल होय, आणि त्या उचलीला मूल्य असते. माझे पाच लाख पाच वर्षांऐवजी सात वर्षांत फेडायचे ठरले असते, तर हप्ता सुमारे ८,०४५ रुपयांवर आला असता. व्याज मात्र सुमारे १ लाख २३ हजारांवरून १ लाख ७६ हजारांवर गेले असते. लहान हप्ता हा अनेकदा लांबलेल्या ऋणाचे सौम्य रूप असतो. मित्राला जामीन राहतानाही हेच स्मरावे. सहीपुरता वाटणारा तो स्नेह आपल्या अहवालात आपले दायित्व म्हणून नोंदला जातो.

आषाढात ज्ञानोबांची पालखी माळशिरसला मुक्काम करते आणि तुकोबांची अकलूजला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ही कथा सांगताना आपण एक गोष्ट विसरतो: खते बुडवणारे तुकोबा त्या व्यवहारात धनको होते. ऋण सोडून देण्याचे औदार्य देणाऱ्याला शोभते. घेणाऱ्याच्या वाट्याला वेळ पाळण्याचे कर्तव्य येते. घेणाऱ्यानेच औदार्याची अपेक्षा धरली, तर दोन्ही मूल्यांची हानी होते.

त्या चुकीनंतर मी तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि उसाच्या बिलाकडे पाहणे सोडले. पुढे एकही तारीख हुकली नाही. २०२३ मध्ये बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन अकलूजच्या परिवहन कार्यालयात गेलो आणि गाडीवरचा बोजा उतरवला. अण्णांची पत गावाच्या स्मरणात आहे, माझी एका नोंदीत आहे. दोन्हींच्या मुळाशी दिलेली वेळ पाळणे एवढेच आहे. पहिले कर्ज घेऊ पाहणाऱ्या तरुण वाचकांना माझी एकच विनंती आहे. आधी तीन हप्ते बाजूला ठेवा, मग कागदावर सही करा.