उक्ते काम आणि मालकाचा धर्म

एखाद्याकडून काम करून घेताना त्यास महिन्याचा ठराविक पगार द्यावा, की ‘जेवढे काम तेवढे दाम’ या हिशेबाने उक्ते अथवा कमिशनवर ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. पुष्कळ सद्गृहस्थ त्याचा निकाल वहीखात्यावरून लावतात; ज्यात खर्च कमी तो मार्ग बरा, असे मानतात. परंतु ज्या व्यवहारात दुसऱ्या मनुष्याची भाकरी गुंतलेली आहे, तो नुसता व्यवहार राहत नाही. तो धर्माचा विषय होतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, उक्ते काम स्वभावतः सदोष नाही. कसबी गवंडी किंवा सुतार पुष्कळदा रोजावर येण्यापेक्षा काम अंगावर घेणेच पसंत करतो. त्यात त्याच्या हातोटीला किंमत येते आणि आपला वेळ आपल्या हाती राहतो. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनाही ही रीत ठाऊक होती. मजुरी आधी ठरली नसेल तर शेतकाम करणाऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा आणि मालाची विक्री करणाऱ्यास त्या मालाचा दहावा हिस्सा मिळावा, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही तशाच अर्थाचा नियम आढळतो. यातील मर्म ध्यानात घ्यावे. मालक मजुरीविषयी गप्प राहिला, म्हणून त्याची सुटका होत नाही.

तेव्हा खरा प्रश्न पगार की उक्ते हा नसून, काम बिघडले तर त्याचा भार कोणी सोसावयाचा, हा आहे.

येथे काही जण गीतेचाच आधार पुढे करतात. फळाची आशा न धरता कर्म करावे असे भगवंतांनी सांगितले आहे, मग मजुराने मजुरीचा एवढा हट्ट का धरावा, असे ते म्हणतात. हा अर्थाचा अनर्थ होय. फलत्यागाचा उपदेश ज्याने त्याने स्वतःच्या मनाला करावयाचा असतो; दुसऱ्याचे ताट ओढून घेण्यासाठी तो सांगितलेला नाही. मजुरास निष्काम होण्यास सांगणारा मालक स्वतःच्या नफ्याविषयी निष्काम झाला आहे काय, हे त्याने आधी पाहावे.

उलट, याच प्रश्नावर प्रकाश पाडणारा विचार गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि दैव अशी पाच कारणे लागतात. कर्ता हा त्या पाचांपैकी केवळ एक आहे. असे असताना फळ कमी पडले की सगळी तूट एकट्या कर्त्याच्या माथी मारणे, हा कोणता न्याय?

महाराष्ट्रातील ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते. आता पाहा: अवकाळी पाऊस झाला, फडात चिखल झाला, की काम बंद. वाहन वेळेवर आले नाही, तर तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटते. कारखान्याचे यंत्र बिघडले, तरी कोयता बसून राहतो. यांपैकी एकही गोष्ट तोडणाऱ्याच्या हातची नाही. पण खोट मात्र त्याचीच, आणि उचल तर फेडावयाचीच! शिवाय आजारपणात एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि त्याच्या चौकशीसाठी शासनाला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागील एक कारण सांगितले गेले. जी साखर आपण प्रसादात घालतो, तिच्या मागे हा हिशेब उभा आहे.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. केवळ विक्रीवर कमिशन मिळणारा मनुष्य घरची चूल पेटावी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ती वस्तू बांधतो. असत्य त्याच्या जिभेवर येते खरे. पण ते बोलावयास लावणारी व्यवस्था ज्याने केली, तो दुकानदार त्या पापातून मोकळा कसा होईल?

मग गृहस्थाने काय करावे? जे फळ खरोखर कामगाराच्या हाती आहे, त्याच्यापुरतेच उक्ते द्यावे. जेथे पाऊस, बाजार वा यंत्र यांचा हात मोठा आहे, तेथे पोटापुरता पगार निश्चित ठेवून वर कमिशन द्यावे. कायद्याची दिशाही हीच आहे. एखाद्या कामास वेळेवर किमान वेतन ठरले असून नगावर ठरले नसेल, तर नगावर काम करणाऱ्यासही त्याहून कमी देता येत नाही, असे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मजुरीचा दर कामाआधी स्पष्ट बोलावा; माप त्याच्या डोळ्यांदेखत करावे. मध्ये ठेकेदार असला, तरी शेवटच्या मजुराच्या हाती काय पडले हे विचारावे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच सांगितले होते. धर्म त्याहून कमी कसा सांगेल? आणि घर रंगविण्याचे काम उक्ते घेतलेला मनुष्य मध्येच तापाने पडला, तर ‘करार झाला आहे’ असे म्हणण्याआधी त्याच्या घरी डाळ-तांदूळ आहेत की नाहीत, याची चौकशी करावी.

यात मालकाचे थोडे नुकसान होईल, हे खरे. परंतु फळावर आपला एकट्याचा अधिकार नाही, ही गोष्ट गीतेच्या वाचकाने शिकावयाची, तर ती प्रथम आपल्याच वहीत शिकावी. रात्री हिशेब मिटताना एवढेच स्वतःला विचारावे: आज जी जोखीम माझी होती, ती मी दुबळ्याच्या खांद्यावर तर टाकली नाही ना?